शेवटचा हात

मासेमारी बंद झाल्याचं रेडिओनं सांगितलं तेव्हा हेडली धक्क्यावर उकिडवा बसून जाळ्याचं भोक शिवत होता. घरातून त्याची बायको डल्सी पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"ऐकलंस का? दोन वर्षं. कॉडला हात लावायचा नाही म्हणे."

हेडलीनं सुई थांबवली नाही. भोक पुरतं शिवलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग म्हणाला, "बंद करायला मासा उरलाय कुठं?"

आमच्या शोल आर्ममध्ये, खाडीच्या या अरुंद फाट्यावरच्या गावात, मासा म्हणजे कॉडच. बाकीच्यांना आपापली नावं आहेत, कॉड म्हणजे नुसता मासा. गेली तीन-चार वर्षं तो बोटभर लांबीचा येत होता, आणि त्या वर्षी तर जुलै लागला तरी खाडीत बर्फाचे तुकडे तरंगत होते. सगळ्यांना कळत होतं. तरी रेडिओवर ऐकल्यावर सगळी आर्म गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मासळीच्या कारखान्याचा भोंगा वाजला नाही, आणि भोंगा वाजला नाही म्हणून पहाटेच जाग आली सगळ्यांना.

हेडलीची मुलगी रोंडा त्याच आठवड्यात सेंट जॉन्सहून सुट्टीला आली होती. विद्यापीठात तिची तीन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. आमच्या आर्ममधून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच. नर्सिंगला गेली असती तर कुणी काही बोललं नसतं. ही गेली इतिहासाला.

"इतिहास म्हणजे मेलेल्या माणसांचंच ना गं?" कारखान्यातली मिल्ड्रेड तिला दुकानात गाठून विचारायची. "मग पगार कोण देणार? मेलेलेच?"

"जिवंत माणसं बोलत नाहीत म्हणून मेलेल्यांना विचारावं लागतं, मिल्ड्रेडमावशी."

"बघा, जीभ किती चालते. सुरी अशी चालली असती तर कारखान्यात कामाला लागली असतीस."

"कारखाना आहे कुठं आता?" रोंडा म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. मिल्ड्रेडनं पिशवी उचलली नि ती निघून गेली.

जाळी बाहेर काढायची होती. कॉडचं मोठं चौकोनी जाळं, खोलीएवढं, समुद्रात उभं टांगलेलं. एरवी ते काढायला चार पुरुष लागतात. हेडलीचे दोन्ही गडी बातमी ऐकून तिसऱ्या दिवशीच ओंटारिओला निघून गेले होते, म्हणून होडीत हेडली, डल्सी आणि रोंडा अशी तिघंच गेली. धुकं इतकं की होडीच्या टोकावर बसलेली डल्सी पाठीमागून नुसती काळी सावली दिसत होती. ओल्या जाळ्याला शेवाळ धरलेलं. हाताला पकड येईना. रोंडाच्या तळव्यांची सालटी निघाली. खारं पाणी लागलं की ती श्वास आत ओढायची.

"पानं उलटून उलटून हात लोण्यासारखे झालेत," हेडली म्हणाला. मग स्वतःचे हातमोजे काढून तिच्याकडे फेकले. "घाल. माझ्या हातांना आता काही होत नाही."

जाळ्यात लंपफिश नावाचे बेढब मासे होते, चार खेकडे होते आणि एक कॉड होता, कोपरापर्यंत येईल एवढा. हेडलीनं तो दोन्ही हातांत धरला, जरा वेळ बघितला आणि पाण्यात सोडून दिला. डल्सी म्हणाली, "अरे, रात्रीच्या जेवणाला झाला असता." तो म्हणाला, "बंदी आहे."

धक्क्याकडे परत येताना शेजारून दुसरी होडी गेली. त्यात एकटा म्हातारा उभा होता, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. तो ओबेद, हेडलीचा थोरला भाऊ. त्यानं रोंडाला हात केला, डल्सीला मान डोलावली. हेडलीकडे त्यानं पाहिलंच नाही, आणि हेडलीही समोर बघत राहिला. यात नवीन काही नव्हतं. एकोणतीस वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. ओबेदचं घर आर्मच्या पलीकडच्या काठावर, समोरासमोर. सकाळी एकाच्या धुराड्यातून धूर निघाला की दुसऱ्याला दिसायचा. काही सांगायचं असलंच तर तिसऱ्या माणसातर्फे सांगायचे. त्यांच्या आईच्या दफनालाही दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले होते.

कारण सगळ्या आर्मला माहीत होतं. हे दोघं मूळचे केटल बेटावरचे, इथून होडीनं दोन तासांवर. तिथं तेव्हा सतरा घरं होती. सरकार म्हणालं, बेटं सोडा, मोठ्या गावांत या, घर हलवायला मदत देऊ. अट एकच, बेटावरच्या प्रत्येक घरानं हो म्हटलं पाहिजे. त्रेसष्ट साली शाळेत सभा झाली. पंधरा घरांनी हात वर केले. हे दोघे भाऊ हात खालीच ठेवून बसले होते. जाणार नाही, असं ओबेदनं आदल्या रविवारी चर्चच्या दारात सांगितलं होतं, आणि हेडलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून मीही नाही म्हटलं होतं. सभा लांबली. मग हेडलीनं हात वर केला. उरला एकटा ओबेद. सतरा घरांतलं एक घर सोळांना अडवून कसं धरणार? त्यानं हात वर केला, पण भावाकडे बघत.

घरांना रिकामी पिंपं बांधून ती पाण्यावर तरंगवली आणि होड्यांनी ओढून इकडे आणली. सोळा आली. ओबेदचं घर वाटेत वाऱ्यानं फुटलं आणि चुलीसकट बुडालं. त्याची बायको सेलिना लोकांच्या माळ्यावर दोन हिवाळे राहिली आणि तिथंच गेली. पलीकडच्या काठावरचं घर ओबेदनं त्यानंतर बांधलं.

ऑगस्टमध्ये शहरातून माणसं आली. बंदीच्या काळात मदत हवी असेल तर काहीतरी नवीन शिकायला हवं, असा नियम निघाला होता. सभागृहात टेबलं मांडली. एकेका कोळ्याला बोलावून विचारत होते. हेडली दाढी करून, कोट घालून गेला आणि रोंडाला बरोबर घेऊन गेला. टेबलापलीकडे तिशीही न गाठलेली बाई होती. बोलायला गोड होती बिचारी.

"शाळा कितवीपर्यंत झालीय?"

"बेटावर होती तेवढी."

"म्हणजे?"

"मास्तर असला की शाळा असायची."

बाई हसली. तिनं एक छापलेला कागद पुढे सरकवला. "एवढा परिच्छेद वाचून दाखवाल? कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला लागतं."

हेडलीनं कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मागं रांगेत आठ-दहा जण उभे होते, सगळे ओळखीचे. "चष्मा घरी राहिला," तो म्हणाला.

हेडलीनं आयुष्यात चष्मा घातला नव्हता. रांगेतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि कुणी हसलं नाही. रोंडा खिडकीबाहेर बघू लागली. बाईनं कागद परत घेतला आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "काही हरकत नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू."

घरी येईपर्यंत तो रोंडाच्या चार पावलं पुढं चालला. डल्सीनं ताटं मांडली, खारवलेला कॉड, बटाटे, वर तळलेल्या चरबीचे तुकडे. त्यानं कोट काढला नाही. तसाच बसला आणि बटाटा चिरता चिरता म्हणाला,

"सप्टेंबरात तू परत जायचं नाहीस."

रोंडानं काटा खाली ठेवला. "का?"

"का काय? हॅलिफॅक्सला नर्सिंगचं बघ. नाहीतर ओंटारिओला जा, तिकडं कारखान्यात घेतात. इतिहास शिकून काय करणार तू? झालं गेलं ते झालं. त्याच्यावर चूल पेटते का?"

"एक वर्ष राहिलंय, बाबा."

"इथं सगळी आर्म बुडाली आणि तुला वर्षाची पडलीय."

"हेडली, जेव आधी," डल्सी म्हणाली.

"जेवतोच आहे." त्यानं बटाट्याचे आणखी तुकडे केले. तोंडात काही घातलं नाही. "मला एक सांग, पोरी. तीन वर्षं शिकलीस. असं काय शिकलीस की जे ह्या घराच्या उपयोगाचं आहे? एक गोष्ट सांग."

रोंडा म्हणाली, "केटल बेट."

डल्सीचा हात ताटावर थांबला.

"मी वर्षभर तेच वाचतेय, बाबा. बेटं उठवली त्याबद्दल. केटल बेट एकटंच नव्हतं. शेकड्यांनी गावं उठली. त्यांच्या सभांबद्दल काय लिहून ठेवलंय ते मी वाचलं, म्हाताऱ्यांशी बोलले. सगळीकडे तीच गोष्ट. आधी सरकारी माणसं सांगायची, पुढच्या वर्षी मास्तर येणार नाही. मग बोट थांबणार नाही. मग पाद्री जाणार. आणि सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय कुणालाच काही मिळणार नाही. नियमच असा केला की शेजाऱ्यानंच शेजाऱ्याचा गळा धरावा." तिनं ताट बाजूला सारलं. "प्रत्येक गावात अडून बसलेल्यांतला कुणीतरी एक शेवटी कच खाऊन हात वर करणारा होता. आणि प्रत्येक गावानं त्यालाच धरलं. मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. सरकारला कुणी धरलं नाही. बाबा, ते तुम्ही नव्हता. तुमच्या जागी कुणीही असता तरी तेच झालं असतं."

हेडली तिच्याकडे बघत होता. तोंडावर राग नव्हता. एखाद्या परक्या माणसानं घरात येऊन पलंग हलवावा तसं काहीतरी होतं.

"मी हात वर केला नाही?" तो म्हणाला.

"केलात. पण—"

"हा हात ना?" त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं सांध्यांत सुजलेली, अंगठ्याचं नख काळं. "हाच होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता. मासा नेला, जाळं नेलं. आता हेही म्हणतेस की मी काही केलंच नाही?"

"मला तसं म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचंय?"

तो उठून धक्क्यावर गेला. डल्सीनं त्याचं ताट झाकून ठेवलं. रोंडा म्हणाली, "आई, मी चुकीचं काय बोलले?" डल्सी म्हणाली, "चुकीचं काही नाही, बाळ," आणि भांडी घासायला लागली. घासलेलंच भांडं पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी रोंडा पलीकडच्या काठावर ओबेदकाकाकडे गेली. ती लहानपणापासून जायची, तिला आडकाठी नव्हती. तो ओट्यावर बसून खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या मापत होता. सप्टेंबरात तो ओंटारिओतल्या हॅमिल्टनला त्याच्या मुलाकडे, क्लेटनकडे जाणार होता. मासा नाही, बायको नाही, कारखान्याचा भोंगा नाही, इथं बसून काय करू, असं त्यानं क्लेटनला फोनवर सांगितलं होतं.

तिनं त्यालाही सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मधूनच पेन्सिलीनं फळीवर रेघ मारत होता.

"हे पुस्तकात आहे?" त्यानं विचारलं.

"थोडं पुस्तकात आहे. बाकी मी गोळा केलंय."

"सगळ्या बेटांवर?"

"बहुतेक सगळ्या."

ओबेद हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तेव्हा तिनं पाणी आणून दिलं. "म्हणजे मी एवढी वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो भलताच माणूस होता," तो म्हणाला. मग पेला हातात फिरवत राहिला. "पण पोरी, एक तुझ्या पुस्तकात नसणार. तुझा भाऊ वेस्ली. सभेच्या वर्षीच्या मार्चमध्ये तो गेला. खाडी गोठलेली, डॉक्टर येईना. जमीन दगडासारखी. मी आग पेटवून माती मऊ केली आणि मी खणलं. तुझ्या बापाला हातात कुदळ धरवत नव्हती. ऑगस्टमध्ये सभा झाली. ज्यानं स्वतःचं पोर त्या मातीत ठेवलंय तो माणूस पाच महिन्यांत हात वर करतो? घर बुडालं त्याचं मला काही नाही. घर लाकडाचं असतं. पण हे मला कधी उमगलं नाही."

रोंडाला आपल्याला एक भाऊ होता एवढंच माहीत होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

"तुम्ही बाबांना कधी विचारलंत?"

"नाही."

"मग आता विचारा. जाण्याआधी एकदा बेटावर जाऊया. कबरी साफ करायच्या आहेत."

ओबेदनं फळी उलटी केली. "त्याच्या होडीत मी बसणार नाही."

"तुमच्या होडीत बाबा बसतील."

ते घडवून आणायला तिला आठवडा लागला. बापाला ती पुन्हा काही समजावायला गेली नाही. फक्त म्हणाली, काका जाणार आहेत, परत येतील असं वाटत नाही, त्यांना बेट बघायचंय. हेडली म्हणाला, "त्यानं सांगितलं असं?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "खोटं बोलतेस." पण त्या सकाळी तो कोयता आणि कुदळ घेऊन धक्क्यावर उभा होता.

ओबेदच्या होडीत चौघं. ओबेद मागं सुकाणूपाशी, हेडली पुढं टोकावर, मध्ये दोघी बायका थर्मास आणि काकवी घातलेला पाव घेऊन. समुद्र सपाट होता. दोन तासांत दोघं भाऊ बोलले नाहीत. बेटाच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत, तिथं हेडलीनं न वळता डावा हात थोडा बाहेर काढला आणि ओबेदनं होडी डावीकडे घेतली. लहानपणापासूनची सवय असणार. नंतर दोघांनाही ते लक्षात आलं आणि दोघंही अवघडले.

बेटावर घरांच्या जागी नुसते दगडी पाये होते. गवत कमरेपर्यंत. पिवळी बेरी पिकली होती, कुणी खुडणारं नव्हतं, म्हणून पक्ष्यांनी खाऊन उरलेली जमिनीवर सडत होती. स्मशान टेकडीच्या आडोशाला. कुंपण पडलेलं. पुरुषांनी कोयते चालवायला सुरुवात केली. एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. रोंडा कापलेलं गवत ओढून बाजूला टाकत होती. आजोबांची कबर निघाली, आजीच्या आईची निघाली. दुपार होत आली तेव्हा दोघं भाऊ कापत कापत मधोमध आले. तिथं गुडघ्याएवढा एक पांढरा लाकडी क्रॉस होता, रंग उडून राखाडी झालेला.

ओबेदनं कोयता खाली ठेवला. पाठ सरळ करायला त्याला वेळ लागला. एकोणतीस वर्षांत भावाकडे बघून तो पहिलं वाक्य बोलला.

"ह्याला इथं टाकून कसा काय गेलास रे?"

हेडली गवताची मुळं उपटत राहिला.

"विचारतोय मी. विचारायला म्हणून आलोय."

"गेलो. झालं."

"हेडली, सांग त्याला," डल्सी म्हणाली.

"काही सांगायचं नाही."

"मग मी सांगते."

"डल्सी, पुरे."

"नाही, पुरे नाही." ती क्रॉसपाशी गवतावर बसली. साठीला टेकलेली बाई, पाय एका बाजूला घेऊन लहान मुलीसारखी बसली. "ओबेद, मी उकरत होते. वेस्लीला. बर्फ वितळला तसं रोज पहाटे उठून इथं यायची नि हातांनी माती काढायची. मला वाटायचं त्याला थंडी वाजतेय. हा मागून यायचा, मला उचलून न्यायचा, हात धुवायचा, परत येऊन माती सारखी करायचा. तुम्ही उठायच्या आत. एकदा मी पेटीपर्यंत पोचले होते. तेव्हा ह्यानं मला खाटेला बांधलं. दिवसभर मला ताप आलाय म्हणून सांगितलं. सेलिना सूप घेऊन आली होती, तिला दारातूनच परत पाठवलं."

वारा गवतावरून जात होता. रोंडा जिथं होती तिथंच उभी राहिली, गवताचा भारा छातीशी धरून.

"मी ह्याला म्हटलं, मला इथून ने, नाहीतर मी त्याच्या शेजारी जाऊन झोपते. सभेच्या आदल्या दिवशी म्हटलं. लोक मला वेडी म्हणतील म्हणून ह्यानं कुणाला काही सांगितलं नाही. बायकोच्या वेडापायी बेट उठलं असं कुणी म्हणू नये म्हणून. मलाही शपथ घातली. मी बरी झाले, तरी ती शपथ काढली नाही ह्यानं."

हेडली पाठमोरा होता. त्यानं मुळं उपटलेल्या जागेची माती तळव्यानं सारखी केली.

ओबेदनं टोपी काढली. त्याचं कपाळ टोपीखाली पांढरंफटक होतं, मुलासारखं. बराच वेळ त्यानं ती टोपी दोन्ही हातांनी पिळली. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस, तर मीच आधी हात वर केला असता."

"माहीत आहे," हेडली म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलं नाहीस."

ओबेद हळूहळू गुडघ्यांवर बसला आणि क्रॉसच्या बुडाशी उरलेलं गवत हातानं उपटू लागला. हेडली दुसऱ्या बाजूनं बसला. कोयते तसेच पडून राहिले.

रोंडानं भारा खाली ठेवला आणि ती पाण्याकडे निघून गेली. डल्सी तिच्या मागं गेली तेव्हा ती खडकावर बसून रडत होती. "आई, मी वर्षभर वाचलं," ती म्हणाली. "मला वाटलं मला कळलंय. हे कुठंच नव्हतं." डल्सीनं तिचे केस कानामागं सारले. "कसं असेल, बाळ? पण तू खोदलंस म्हणून तर निघालं." मग स्वतःच्याच शब्दाला दचकून तिनं हात मागं घेतला, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

परतताना हेडली पाठीमागं ओबेदशेजारी बसला होता. थर्मासच्या एकाच झाकणातून दोघं चहा पीत होते. डब्यातलं दूध कमी पडलं म्हणून ओबेद कुरकुरत होता.

त्यानंतर ओबेद जाईपर्यंत आर्मनं जे पाहिलं ते आम्ही बरेच दिवस एकमेकांना सांगत होतो. हेडली रोज सकाळी वल्ही मारत पलीकडे जायचा. दोघांनी मिळून ओबेदच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, होडी वर ओढून उलटी घातली, तिच्या पोटाला डांबर लावलं. फार बोलत नव्हते. "धर." "सोड." "वाकडं मारलंस." "तुझ्या डोळ्यांना वाकडं दिसतंय." मिल्ड्रेड मुद्दाम तिकडून फिरून यायची आणि दुकानात सांगायची, "अजून भांडतायत, बाई. पण समोरासमोर."

"जाऊ नकोस," हेडलीनं एकदा म्हटलं. "माझ्या घरात खोली आहे."

"क्लेटननं तिकीट काढलंय. त्याच्या बायकोनं खोलीला रंग दिलाय. आता नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल." ओबेदनं ब्रश डब्यात बुडवला. "वसंतात येतो. होडी उलटी आहे, सरळ करायला यावंच लागेल."

ओबेद गेला त्याच आठवड्यात रोंडाही निघाली. तिनं स्वतःहून सांगितलं होतं, नाही जात, इथंच राहते, हॅलिफॅक्सचं बघते. हेडलीनं तिची पेटी उचलून गाडीत ठेवली.

"जा," तो म्हणाला. "शीक."

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, उपयोग काय."

"उपयोगाचं मला कळत नाही. आम्ही दोघं म्हातारे झालो, एकानंही विचारलं नाही. तू येऊन विचारलंस. विचारायला शिकवत असतील तर शीक ते." मग गाडीचं दार लावताना म्हणाला, "जरा लवकर आली असतीस तर बरं झालं असतं."

ते बोलणं तिला लागलं. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण लागलं. सेंट जॉन्सला पोचेपर्यंत ती रडत होती, असं तिनं नंतर आईला सांगितलं.

हिवाळाभर हेडली सभागृहातल्या वर्गात बसला. दर रविवारी चर्चनंतर हॅमिल्टनचा फोन यायचा. ओबेद तिकडची खोली सांगायचा, नवव्या मजल्यावरची, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. "वारा कुठून आहे तेही कळत नाही इथं," म्हणायचा. हेडली त्याला वारा सांगायचा. बर्फ कुठपर्यंत आला ते सांगायचा. पूर्वी बोलायचं राहिलं होतं ते मात्र दोघंही बोलत नव्हते. एवढ्या वर्षांचं फोनवर कुठून सुरू करणार?

मार्चच्या शेवटी फोन आला तो क्लेटनचा. ओबेद न्याहारी करता करता खुर्चीतच गेला होता. हृदय. खाडीत बर्फ भरलेला, रस्ते बंद, म्हणून क्लेटननं तिकडंच दफन केलं. कुठल्यातरी मोठ्या स्मशानात, जिथं त्याच्या ओळखीचं एकही नाव नव्हतं.

हेडली तीन दिवस वर्गात गेला नाही. खिडकीत बसून पलीकडच्या काठाकडे बघत राहिला, फळ्या ठोकलेल्या घराकडे. डल्सीनं आणून दिलेला चहा गार व्हायचा. एकदा म्हणाला, "तो बोलत नव्हता तेव्हा निदान तिथं होता. सकाळी धूर दिसायचा. माझ्यावर रागावलेला का होईना, होता." डल्सीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रोंडा काही बोलली नसती तर अजून इथंच असता का गं तो? रागावून?" डल्सी म्हणाली, "क्लेटनकडे जायचं आधीच ठरलं होतं त्याचं." हेडली म्हणाला, "हो. खरंच." पण त्याचं समाधान झालं नाही, हे तिला दिसत होतं.

संध्याकाळी रोंडाचा फोन आला. तिला आईनं कळवलं होतं. हेडलीनं फोन घेतला आणि कानाला लावून भिंतीशी उभा राहिला.

"बाबा," ती रडत म्हणाली.

"परीक्षा कधी आहे?"

"एप्रिलमध्ये."

"हं." तो थांबला. "रोंडा, तुमच्या त्या इतिहासात असं का झालं ते सांगतात ना?"

"हो."

"मग पुढं काय करायचं ते सांगत नाहीत का कुठं?"

पलीकडून विद्यापीठाच्या वसतिगृहातली कुणाची तरी पावलं ऐकू आली, दार आपटल्याचा आवाज आला.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "ते नाही सांगत."

"बरं," हेडली म्हणाला.

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. डल्सीनं स्वयंपाकघरातून खुर्ची आणून त्याच्या मागं सरकवली. तो बसला आणि फोन तसाच कानाशी धरून, तिकडं पोरीचं रडणं थांबेपर्यंत ऐकत राहिला.